दक्षिणगंगा गोदावरी : तीर्थ आणि प्रवाह

गोदावरी ही भारतीय द्वीपकल्पातील सर्वांत लांब नदी. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी पर्वतावर ती उगम पावते आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. लांबीच्या दृष्टीने देशात गंगेनंतर तिचाच क्रमांक लागतो. तिचे खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचे असून देशाच्या एकूण क्षेत्रफळाचा जवळजवळ दहावा भाग त्याने व्यापला आहे. उगमापासून अरबी समुद्र अवघ्या ऐंशी किलोमीटरवर असताना ही नदी पाठ फिरवून पूर्वेकडे निघते, कारण दख्खनच्या पठाराचा उतारच त्या दिशेला आहे. या एका भौगोलिक योगायोगामुळे सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस मराठवाड्याच्या कोरड्या भूमीपर्यंत पोहोचतो.

गौतमीची कथा

पुराणकथेनुसार गौतम ऋषींवर गोहत्येचे पातक आले. त्याच्या क्षालनासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून शंकराला प्रसन्न केले आणि त्याच्या जटेतील गंगा भूतलावर आणली. म्हणून गोदावरीला गौतमी आणि दक्षिणगंगा ही नावे मिळाली. ब्रह्मपुराणातील गौतमी माहात्म्यात तिच्या तीरावरील तीर्थांचे विस्ताराने वर्णन आहे. त्र्यंबकेश्वरचे ज्योतिर्लिंग, कुशावर्त तीर्थ, नाशिकची पंचवटी आणि रामकुंड, पैठण, नांदेड, तेलंगणातील बासर व भद्राचलम, आंध्रातील राजमहेंद्री अशी क्षेत्रांची मालिकाच तिच्या काठाने उभी आहे.

गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा भरतो. शैव आखाडे कुशावर्तात आणि वैष्णव आखाडे रामकुंडात स्नान करतात. याच ग्रहयोगावर तेलुगू प्रदेशात गोदावरी पुष्करम् साजरा होतो. २००३ आणि २०१५ मध्ये हे दोन्ही सोहळे झाले. भाषा बदलते, विधी बदलतात, मात्र नदी आणि पर्वकाल एकच राहतो.

मराठी संस्कृतीचा पाळणाही याच काठावर हलला. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. संत ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव त्याच्याच जवळ आहे, तर निवृत्तिनाथांची समाधी नदीच्या उगमाशी त्र्यंबकेश्वरला आहे. संत एकनाथांचे वास्तव्य पैठणला होते. तापलेल्या वाळवंटात रडणारे दलित मूल नाथांनी उचलून घेतले, ही कथा घडते ती गोदेच्याच वाळूवर. नांदेडला शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये देह ठेवला. त्यामुळे ही नदी केवळ एका पंथाची राहिलेली नाही.

पाण्यावर वाढलेले जग

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग अतिवृष्टीचा आहे, तर पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. काळ्या पाषाणाच्या भेगांत पावसाळ्यात मुरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने पात्रात येत राहते. पावसाळ्यानंतर नदीला जिवंत ठेवतात ते हे झरे. पुढे प्रवरा, पूर्णा, मांजरा, प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या उपनद्या तिला मिळतात. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगेचे पाणी घेऊन येणारी प्राणहिता ही त्यांत सर्वांत मोठी.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यामागे साचलेल्या गाळात पाणवनस्पती वाढल्या, बेटे तयार झाली आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. हे अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे १९७६ मध्ये लोकार्पण झाले. एकनाथांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या नाथसागर जलाशयावरही रोहित पक्ष्यांचे थवे येतात. मुखाशी काकिनाड्याजवळ कोरिंगाचे खारफुटीचे वन आहे. वादळांचा मारा झेलणाऱ्या आणि मासळीला आसरा देणाऱ्या या वनाचे जीवन नदीने आणलेल्या गाळावर आणि गोड्या पाण्यावर अवलंबून असते. समुद्राकडे जाताना नदीचे फाटे होतात. त्यांतील एका प्रमुख फाट्याचे नाव गौतमी आहे. उगमाशी सुरू झालेली कथा अशी मुखापर्यंत सोबत करते.

पवित्र, पण प्रवाही नाही

धर्मशास्त्राने पाण्यात मलमूत्र टाकणे आणि थुंकणेही निषिद्ध मानले आहे. मनुस्मृतीत तसा स्पष्ट निर्बंध आहे. प्रत्यक्षात शहरांचे सांडपाणी शतकानुशतके पूज्य मानलेल्या या पात्रात येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातील ५३ नदीपट्टे प्रदूषित ठरले. ही संख्या देशात सर्वाधिक होती आणि नाशिकच्या सोमेश्वरपासून पुढचा गोदावरीचा पट्टा त्यांतील सर्वांत गंभीर गटात होता. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर पाणवेली माजतात, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने ‘नीरी’ या संस्थेकडून उपाययोजना मागवल्या.

याहून सूक्ष्म हानी श्रद्धेच्या नावाने झाली. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास भाविकांच्या सोयीसाठी रामकुंड परिसरातील कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातले गेले. तळ गुळगुळीत झाला, पण जमिनीतून येणाऱ्या पाण्याची वाट अडली. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि स्नानासाठी टँकरने पाणी आणण्याची वेळ आली. पुढे काही कुंडांतील काँक्रीट काढण्याचे काम हाती घेण्यात आले, ते नागरिकांच्या सततच्या आग्रहामुळे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या उत्खननाविरुद्ध २०२१ मध्ये, तर पुढील कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ मध्ये नाशिककरांनी आवाज उठवला. डोंगर आणि झाडे पाणी मुरवतात. ती गेली तर कुंडात येणार काय, हा प्रश्न या विरोधामागे होता.

हा प्रश्न नाशिकपुरता मर्यादित नाही. वरच्या खोऱ्यातील धरणे भरल्यावरच सहसा खाली पाणी सुटते. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्यावरून संघर्ष पेटतो. राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचे सूत्र घालून दिले. त्या सूत्राचा आधार वापरायोग्य पाण्याचा साठा हा आहे. पात्रातील मासे, पाणथळी आणि वाळूत मुरणारे पाणी यांचा हिस्सा मात्र अशा हिशेबात सहसा धरला जात नाही. वाळूचा बेसुमार उपसा झाला की पात्राची पाणी धरून ठेवण्याची शक्ती जाते आणि काठच्या विहिरी लवकर आटतात. ज्या वाळवंटाच्या कथा कीर्तनांतून सांगितल्या जातात, तेच वाळवंट अनेक ठिकाणी खड्ड्यांच्या रूपात उरले आहे.

तीर्थ आणि परिसर हे दोन वेगळे विषय आहेत, असा समज शहरी वाचकांत रूढ आहे. गोदावरीचा इतिहास तसे सांगत नाही. गौतमाच्या कथेत पाप धुऊन निघते ते वाहत्या गंगेमुळे, आणि पक्षी, मासे, खारफुटी व मराठवाड्याची शेती जगते तीही वाहत्या पाण्यावर. टँकरच्या पाण्याने कुंड भरता येते, नदी भरता येत नाही. पुढच्या पर्वकाळासाठी घाट रुंद करताना नदीकडे पाणी किती उरेल, याचा विचार त्याआधी झाला पाहिजे. गोदेचे पावित्र्य आणि गोदेचे आरोग्य यांचे मोजमाप एकाच गोष्टीने होते, ती गोष्ट म्हणजे तिचा प्रवाह.