पिटातली जागा आणि व्हीआयपी पॅकेज

थोडं लांबलंय, पण पुढच्या कॉन्सर्टचं तिकीट काढण्याआधी वाचा.

मी नेरूळला राहतो. डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्याकडून चालत जाण्याइतकं जवळ. त्यामुळे तिथे मोठा कार्यक्रम जाहीर झाला की नात्यातले, ऑफिसातले, सोसायटीतले लोक मला हमखास विचारतात, "व्हीआयपी घेऊ का? एवढे पैसे देण्यात अर्थ आहे का?" कोल्डप्लेच्या वेळी तर फोन थांबत नव्हते. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला विक्री उघडली, घराघरात दोन-दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप लावून लोक रांगेत बसले. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ असे तीन दिवस कार्यक्रम झाला. सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचं आणि लाउंजचं ३५,०००. एकच बँड, एकच मैदान, तीच गाणी, आणि दरात चौदापट फरक!

या फरकात नेमकं काय विकलं जातं, हा माझा प्रश्न. त्याचं उत्तर इतिहासात फार चांगलं सापडतं. पुढे बसायचे जास्त पैसे घेणं ही काही आजच्या इव्हेंट कंपन्यांनी काढलेली युक्ती नाही. ती चारशे वर्षांची जुनी आहे, आणि तिच्यावरून दंगलीही झाल्या आहेत.

शेक्सपिअरच्या काळापासून सुरुवात करू. लंडनच्या ग्लोब थिएटरात एका पेनीला अंगणात उभं राहायला मिळायचं, अगदी रंगमंचाला खेटून. सगळ्यात स्वस्त जागा सगळ्यात जवळची होती. जास्त पैसे देणारा वर गॅलरीत बसायचा. त्याहून बड्या मंडळींसाठी 'लॉर्ड्स रूम' असायच्या, रंगमंचाच्या वरच्या अंगाला. तिथून नाटक धड दिसायचं नाही. पण तिथे बसलेला माणूस मात्र सगळ्या थिएटराला दिसायचा! पुढे बंदिस्त नाट्यगृहं आली, तेव्हा तर हौशी श्रीमंत लोक पैसे देऊन थेट रंगमंचावरच स्टूल टाकून बसायला लागले.

पॅरिसमध्येही हेच. कॉमेदी फ्रान्सेझ ही तिथली मोठी नाटकमंडळी. तिच्या रंगमंचावर दोन्ही बाजूंना बाकं टाकून बडे लोक बसायचे. १७४८ साली व्होल्तेअरच्या 'सेमिरामिस' नाटकात भुताचा प्रवेश होता. त्या भुताला रंगमंचावरच्या गर्दीतून पुढेच येता येईना, शेवटी भुताला वाट द्या म्हणून ओरडावं लागलं, असा किस्सा सांगतात. ही बाकं हटली ती १७५९ मध्ये. कशी हटली? लोराग्वे नावाच्या एका सरदाराने मंडळीचं होणारं नुकसान स्वतःच्या खिशातून भरून दिलं, तेव्हा. म्हणजे नाटक बिघडतंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्या बाकांचं उत्पन्न सोडवत नव्हतं. आजच्या आयोजकाचं गणित याहून फार वेगळं नाही.

आता मुख्य गोष्ट. साल १८०९, लंडन, कॉव्हेंट गार्डन थिएटर.

आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये जुनं थिएटर जळून खाक झालं. वीसहून जास्त माणसं गेली. मालकांनी वर्षभरात नवं, भव्य थिएटर उभं केलं. खर्च अफाट झाला होता, तो वसूल करायचा म्हणून दर वाढवले. पिट म्हणजे रंगमंचासमोरची, पाठ नसलेल्या बाकांची जागा. तिथला दर साडेतीन शिलिंगांवरून चार शिलिंग झाला. बॉक्सचा सहावरून सात. वरच्या गॅलरीचे दर होते तेच ठेवले.

फक्त अर्ध्या शिलिंगासाठी एवढं काय, असं वाटेल. पण दरवाढीबरोबर आणखी एक गोष्ट केली होती. बॉक्सचा तिसरा अख्खा मजला खाजगी करून टाकला. वर्षाच्या भाड्याने श्रीमंतांना द्यायचे बॉक्स, मागे बसायला वेगळी खोली, यायला-जायला वेगळा रस्ता. आजच्या भाषेत लाउंज आणि सेपरेट एन्ट्री! आणि या मजल्याला जागा करून देताना स्वस्तातली गॅलरी इतकी वर आणि इतकी तिरपी गेली की तिथून नटांचे फक्त पाय दिसतात, अशी ओरड सुरू झाली. दर तोच, दिसणं मात्र गेलं.

१८ सप्टेंबर १८०९ ला 'मॅकबेथ'ने थिएटर उघडलं. मॅनेजर आणि मुख्य नट जॉन फिलिप केंबल रंगमंचावर आला आणि गोंधळाला सुरुवात झाली. अख्खं नाटक झालं, पण त्यातला एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. मॅजिस्ट्रेट आले, दंगलविरोधी कायदा वाचून दाखवला, तरी लोक हलेनात. पुढे रोज हेच. लोक घंटा, शिंगं, खुळखुळे घेऊन यायचे, फलक आणायचे, रंगमंचाकडे पाठ करून उभे राहायचे. 'ओपी', म्हणजे 'ओल्ड प्राइस', जुना दर, ही अक्षरं टोपीला लावून यायचे. 'ओपी डान्स' नावाचा पाय आपटत करायचा नाचही निघाला. हे सगळं साठहून जास्त रात्री चाललं, जवळजवळ तीन महिने.

केंबलने सगळे उपाय करून पाहिले. हिशेब तपासायला मान्यवरांची समिती नेमली. समितीने मालकांच्या बाजूने निर्वाळा दिला, लोकांना तो पटला नाही. मग त्याने पिटात दहशत बसवायला मुष्टियोद्धे आणून सोडले. डॅनियल मेंडोझासारखा नावाजलेला बॉक्सर त्यात होता. आजच्या शब्दांत बाउन्सर. त्याने लोक आणखी चिडले.

शेवट झाला तो एका खटल्याने. हेन्री क्लिफर्ड नावाचा बॅरिस्टर टोपीत 'ओपी' अक्षरं लावून आला, म्हणून थिएटरच्या ब्रँडन नावाच्या माणसाने त्याला पकडून दिलं. क्लिफर्डने उलटा दावा ठोकला आणि ज्युरीने त्याला पाच पौंड नुकसानभरपाई दिली. रक्कम किरकोळ, पण केंबल समजून चुकला. डिसेंबरमध्ये तो आंदोलकांच्या जेवणाला स्वतः गेला आणि तडजोड केली. पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग, खाजगी बॉक्स कमी करायचे. बॉक्सचे सात शिलिंग मात्र तसेच राहिले.

ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. ज्याला आरामात बसायचंय त्याने जास्त द्यावेत, याला लोकांची हरकत नव्हती. आमची जागा मारून त्यांना सोय देऊ नका, एवढंच म्हणणं होतं.

पण ही लढाई जिंकूनही पुढे पिट हरलंच. एकोणिसाव्या शतकात हळूहळू पुढच्या रांगांत पाठ असलेल्या महागड्या खुर्च्या आल्या, बाकं मागे सरकत गेली. १८८० च्या जानेवारीत लंडनच्या हेमार्केट थिएटरने पिट पूर्णच काढून टाकलं. पहिल्या रात्री आरडाओरडा झाला, पण पिट परत आलं नाही. योगायोग बघा, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं. 'पिट' हा शब्दही साहेबाबरोबर आपल्याकडे आला आणि स्वस्तातली जागा या अर्थाने मराठीत मुरला. 'पिटातला प्रेक्षक', 'पिटातल्या टाळ्या' हे आपण अजून म्हणतो. आणि आज कॉन्सर्टच्या नकाशावर 'फॅन पिट' नावाची जागा असते, ती बहुतेक वेळा उभं राहायच्या तिकिटांत सगळ्यात महाग! एका पेनीला मिळायची तीच जागा, पुन्हा उभंच राहायचं, फक्त दर हजारांत.

आपल्याकडचा रस्ता थोडा वेगळा होता. गाणं राजेरजवाड्यांच्या, सरदारांच्या दिवाणखान्यात व्हायचं. तिथे तिकीट नसायचं, आमंत्रण असायचं. म्हणजे सगळेच व्हीआयपी आणि बाकीचे बाहेर. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा पैसे देणाऱ्या कुणालाही आत बसून गाणं ऐकता येऊ लागलं. तिकीट ही गोष्ट मुळात दार उघडणारी होती, हे आपण विसरतो.

महाग तिकिटाचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'संयुक्त मानापमान'. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या दोन मंडळ्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या होत्या. दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे ठेवले होते, तरी थिएटर गच्च भरलं. कुणी लुबाडलं म्हणाल्याचं मी कुठे वाचलं नाही. कारण काय मिळणार आणि पैसा कुठे जाणार, हे दोन्ही लोकांना ठाऊक होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. असा प्रयोग पुन्हा पाहायला मिळणं नव्हतंच.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातही दर्जे आहेतच. पुढे सोफे, मग खुर्च्या, आणि भारतीय बैठक. पण बैठकीतल्या माणसाला गाणं कमी ऐकू येत नाही. तिथल्या दर्दी लोकांच्या 'वाहवा'कडे गायकाचंही लक्ष असतं. दर्जे असावेत तर असे.

आणि दर्जे कसे नसावेत, ते १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर दिसलं. लोकांनी हजारो रुपये भरून मेस्सीला बघायला तिकिटं काढली. मेस्सी आला, त्याच्याभोवती नेते, अधिकारी आणि फोटोवाल्यांचं कडं पडलं, आणि थोड्याच वेळात तो निघूनही गेला. गॅलरीतल्या माणसाला कडंच दिसलं. मग बाटल्या फेकल्या, खुर्च्या उखडल्या, आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली. तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. पण १८०९ चे ते नटांचे पाय मला त्या दिवशी आठवले. तिथे मैदानात असलेले व्हीआयपी तिकीट काढून आलेले नव्हते, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे खरा व्हीआयपी पासवर येतो. तुम्ही पैसे देऊन विकत घेता ते त्याच्या मागचं स्थान असतं.

तर आता मूळ प्रश्न. घ्यावं का पॅकेज?

माझी पद्धत साधी आहे. पॅकेजमध्ये साधारण पाच गोष्टी असतात: जागा, वेगळं गेट, सोयी (खुर्ची, जेवण, स्वच्छ टॉयलेट), वस्तू (टी-शर्ट, गळ्यातलं कार्ड) आणि कलाकाराची भेट किंवा फोटो. प्रत्येकीची किंमत स्वतःशी मांडा. टी-शर्टला बाहेर किती द्याल? जेवणाला किती? ते साध्या तिकिटाच्या दरात मिळवा. पॅकेजच्या किमतीतून ही बेरीज वजा केल्यावर जे उरतं, ते निव्वळ 'व्हीआयपी' या शब्दाचे पैसे.

जागेचं म्हणाल तर नकाशा नीट बघा. लाउंज बहुतेक वेळा स्टेडियमच्या वरच्या अंगाला, काचेजवळ असतो. खायला-प्यायला उत्तम, कलाकार मात्र मुंगीएवढा. आवाज सगळ्यात चांगला लागतो तो ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाजवळ, कारण तो तिथे बसूनच जुळवलेला असतो. हे टेबल सहसा मैदानाच्या मधोमध असतं, अगदी पुढे नाही. वेगळ्या गेटचा फायदा आत जाताना होतो. सुटताना सगळे एकाच रस्त्यावर आणि एकाच नेरूळ स्टेशनवर येतात, हे मी दर वेळी गॅलरीतून बघतो.

माझी आई चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे दुखतात. तिला न्यायचं असेल तर मी दुसरा विचार न करता खुर्ची आणि टॉयलेट जवळ असलेलं वरचं तिकीट काढेन. ती खरी सोय आहे. वीस वर्षांच्या भाच्याला मात्र साधं तिकीट काढायला सांगेन, आणि उरलेल्या पैशांत आणखी तीन कार्यक्रम ऐक म्हणेन. कर्ज काढून किंवा हप्त्यावर तर मुळीच नको. आणि ब्लॅकने कधीच नाही, मग तो माणूस कितीही ओळखीतला असो.

हे झालं आपल्या खिशापुरतं. पण एक गोष्ट सगळ्यांची आहे. तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणं हे विधिमंडळाचं काम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. मग ते काम विधिमंडळाने करावं. प्रत्येक दर्जाची किती तिकिटं विक्रीला आहेत आणि किती पास वाटले, हे जाहीर झालं पाहिजे. कुठल्या जागेवरून रंगमंच अर्धवट दिसतो, हे तिकिटावर छापलं पाहिजे. पॅकेजमध्ये लिहिलेलं मिळालं नाही तर तेवढे पैसे परत मिळाले पाहिजेत. प्यायचं पाणी आणि स्वच्छ टॉयलेट ही व्हीआयपी सोय नाही, ती २,५०० वाल्यालाही मिळाली पाहिजे. बंदोबस्ताला पोलीस आपले असतात, अडवलेले रस्ते आपले असतात, म्हणून हे मागण्याचा हक्क तिकीट न काढणाऱ्यालाही आहे.

आपल्या आमदाराला हे विचारायला घंटा आणि शिंगं लागत नाहीत. एक पत्र पुरतं. मी माझं या आठवड्यात पाठवतोय.