ओले सूत, सोवळे साचेखाते

मुंबईच्या गिरणीधंद्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला : एक मालकांच्या भांडवलाचा, दुसरा कामगारांच्या लढ्याचा. परंतु सुताला लागणाऱ्या ओलाव्याच्या अंगाने तो पाहिला, की या दोन्ही इतिहासांच्या कडेला पडलेला एक प्रश्न मध्यभागी येतो.

कापूस हा पाणी धरणारा तंतू आहे. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की तो आपल्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो आणि ओल्यानेच अधिक बळकट होतो. हवा कोरडी पडली की सूत कडक होऊन साच्यावर तुटू लागते. म्हणून ताण्याला खळ द्यायची. पण नुसत्या पिठाची खळ वाळली की तडकते. तिच्यात मॅग्नेशियम क्लोराईड विरघळवले, तर हे मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि सूत मऊ ठेवते. खाण्याचे शुद्ध मीठ पाझरायला हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. या मिठाला ३३ टक्के पुरते.

या गुणाचा व्यापार लँकेशायरने केला. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) रशियाची चरबी महागली, तेव्हा खळीत चिनी माती शिरली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस बंद झाला आणि आखूड धाग्याचा सुरती कापूस गिरण्यांत आला. त्याचे सूत टिकवण्यासाठी खळ आणखी जड झाली. माती धरून ठेवायला ओलावा हवा, आणि ओलावा धरायला मीठ. सुताच्या वजनाइतकी खळ चढवलेले कापडही बाजारात गेले. गरीब गिऱ्हाइकाने कापड म्हणून माती आणि पाणी विकत घेतले. असे कापड फार तापले, तर त्यातल्या मिठापासून आम्ल सुटून ते कुजे, हा तोटाही त्याच्याच माथी.

हीच विद्या मुंबईच्या गिरण्यांनी उचलली. इथल्या खळीतही पीठ, माती, मीठ आणि जनावराची चरबी असे. हे मीठ आधी जर्मनीहून येई. पुढे कच्छच्या रणाकाठी खाराघोड्याला मिठागरांच्या उरलेल्या खारट पाण्यातून ते निघू लागले. चरबी लावलेला ताणा स्पृश्य विणकर दिवसभर हाताळी. त्याच्या जातीला त्याने बाध आला नाही.

बाध आला तो दुसऱ्याच ओलाव्याने. धोट्यात नवी कांडी घातली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घेई. तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडी. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून महाराला साचेखात्यात प्रवेश नाही! विदर्भात ज्या जमातीची कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणीत आली, तिला गिरणीत विणकाम बंद. तिच्या वाट्याला रिंगखाते आले. जास्त मजुरी साचेखात्यात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सोवळ्याचा अर्थ उलगडतो. पावित्र्याच्या नावाने इथे पगाराची वाटणी चालली होती.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. अस्पृश्यांना सर्व खाती खुली करा, ही मागणी त्यांच्या आग्रहामुळे नाखुशीने यादीत आली. मालकांनी उत्तर दिले, की ही बंदी आमची नव्हे. ते खरे होते आणि सोयीचेही होते. बाबासाहेब ज्या समितीचे सदस्य होते, त्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालातही ही बंदी नोंदली गेली.

थुंकीमुळे रोग पसरतो, ही हरकत वेगळी. तशी तक्रार लँकेशायरमध्येही झाली आणि तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे निघाले. येथे सुधारायचा तो धोटा होता; वगळला गेला तो माणूस.

मीठ हवेतले पाणी ओढते, तेव्हा ते पाणी कोणत्या वस्तीवरून आले हे विचारीत नाही. सूतही विचारीत नाही. विचारणारा होता तो शेजारच्या साच्यावरचा, त्याच संपात उपाशी राहणारा कामगार. त्याला ‘आपण’ म्हणताना कामगारांच्या इतिहासकाराने साचेखात्याच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबले पाहिजे. तेथे वर्ग संपत नव्हता. पण तेथे जात सुरू होत होती.