हादगा
बेळगाव-निपाणी सीमाभागात आणि कोल्हापूरकडे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, साधारण २७ सप्टेंबरपासून, मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून फेर धरतात. पुण्याकडे हाच भोंडला. पहिल्या दिवशी एक गाणे, मग रोज एक वाढवत सोळाव्या दिवशी सोळा. पाठांतराची याहून सोपी युक्ती शाळेलाही सुचलेली नाही. कारल्याच्या गाण्यात माहेरी निघालेल्या सुनेला सासू अडवते: आधी बी पेर, मग वेल, फूल, कारले, भाजी. वेलीची वाढ अशी सासुरवासाच्या गाऱ्हाण्यातून पाठ होते. हादगा हे झाडाचेही नाव: अगस्ता, शेंगा धरणारे झाड; त्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी करतात. ज्या हस्त नक्षत्रात हा खेळ चालतो, त्याच्या पावसावर रब्बी ज्वारीची भिस्त असते. गाणी संपली की शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची.