धाराशिव जिल्ह्यातील रब्बी ज्वारीची उगवण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. दुष्काळाचा विचार करताना पर्जन्यमान, धान्याचे भाव व सरकारी मदत यांवर भर दिला जातो. परंतु पेरलेले बियाणे रुजते की नाही, हा प्रश्न या सर्वांच्या आधीचा आहे. प्रस्तुत लेखात रब्बी ज्वारीच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

बियाणे आणि ओल :
समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत वाढणाऱ्या मर्यादवेलीच्या बियांना कठीण कवच असते. पाणी आत शिरेपर्यंत त्या सुप्त राहतात व प्रतिकूल काळ निभावून नेतात. ज्वारीच्या पेरलेल्या दाण्याला अशी सवड नसते. ओल मिळताच तो फुगतो. ओल तुटली की कोंब वाळतो. त्यामुळे वेळ साधण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर येते.

भूम, परंडा भागातील काळ्या जमिनीत ही पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. पाऊस ओसरल्यावर वरचा थर प्रथम सुकतो, खालचा ओल धरून राहतो. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून सोडलेले बी नळ्यांतून थेट या ओलीत पडते. ते वरवर पडल्यास उगवत नाही. फार खोल गेल्यास कोंब जमिनीबाहेर येत नाही. उगवणीनंतरही बुडख्यापासून फुटणाऱ्या मुळांना वरच्या थरात ओल लागते. म्हणून कोळपणी करून भेगा बुजविल्या जातात. वाफसा ओळखण्याचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून आले.

संशोधनाचा कालखंड :
मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथील केंद्रांत ते विस्तारले. बांधबंदिस्ती, कमी बियाणे, दोन ओळींत अधिक अंतर आणि आंतरमशागत ही त्याची प्रमुख सूत्रे होती. मोहोळ येथे निवडलेला एम ३५-१ हा वाण स्थानिक मालदांडी ज्वारीतूनच आला. म्हणजे शेतकऱ्यांनी जपलेल्या बियाण्यावरच संशोधन उभे राहिले.

त्या काळी सोलापूर मुंबई इलाख्यात, तर उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. शेजारच्या दोन जिल्ह्यांची शासनव्यवस्था भिन्न होती. काळी जमीन व अनिश्चित पाऊस मात्र समान होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले व १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला.

तंत्राची मर्यादा :
१९७२ च्या दुष्काळाने या ज्ञानाची मर्यादा दाखविली. जमिनीत ओलच नसेल तर वाण, खोली व कौशल्य निरुपयोगी ठरतात. शेतकऱ्यांना खडी फोडण्याच्या, रस्ते व पाझर तलावांच्या कामांवर जावे लागले.

समारोप :
उगवण ही केवळ वनस्पतिशास्त्रीय घटना नसून या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचा पाया आहे. लोकांचा अनुभव व प्रयोगशील संशोधन परस्परपूरक ठरले. तथापि दोहोंची फलश्रुती जमिनीत मुरलेल्या पाण्यावरच अवलंबून राहिली. म्हणून बियाणे सुधारण्याइतकेच ओल राखणे महत्त्वाचे आहे.