ओठबंध, अर्भकातील

वरच्या ओठाच्या आत, मध्यरेषेवर, ओठाला हिरडीशी जोडणारी पातळ घडी (फ्रीनम) असते. ती जाड, आखूड किंवा हिरडीच्या पार कडेपर्यंत उतरलेली असली तर तिला ओठबंध म्हणतात. जिभेखालची घडी आखडलेली असणे, म्हणजे जीभ चिकटलेली असणे, हा वेगळा प्रकार. दोन्हींची गल्लत वारंवार होते.

गर्भात ही घडी ओठापासून टाळूच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत सलग असते आणि हिरडीचे हाड वाढते तशी विभागली जाते. नवजात बाळात ती हिरडीच्या कडेपाशी असणे हेच नेहमीचे. दात येऊन जबडा वाढू लागला की तिचा जोड वर गेल्यासारखा दिसतो. बाळाचे डोके आपल्या मांडीवर घेऊन दोन बोटांनी ओठ वर उचलला, की घडी ताणली जाऊन हिरडी क्षणभर पांढरी पडते. तेवढ्यावरून निदान करू नये. घडी कुठवर उतरली आहे यावरून दंतवैद्य कॉटलो यांनी चार वर्ग पाडले. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ही पद्धत तपासली, तेव्हा एकाच बाळाच्या वर्गावर तज्ज्ञांचे क्वचितच एकमत झाले.

बाळ अंगावर ओढते ते मुख्यतः जिभेच्या व खालच्या जबड्याच्या हालचालीने. जीभ मागे खाली गेली की तोंडात पोकळी होऊन दूध उतरते. वरचा ओठ नुसता टेकलेला असला तरी चालतो, तो बाहेर मुडपलेला दिसलाच पाहिजे असे नाही. ओठावर मधोमध येणारा चोखण्याचा फोडही बहुधा निरुपद्रवी असतो. बाळंतिणीच्या बोंडांना चिरा पडणे, बाळाचे वजन न वाढणे, पाजताना टचटच आवाज येणे यांचे कारण बहुतेकदा बाळाला धरण्याच्या पद्धतीत सापडते. ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२१ मध्ये स्तनपानासाठी वरच्या ओठाची घडी कापण्याची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. तरी लेझरने ती कापून देण्याची जाहिरात थांबलेली नाही.

पाजणे जमायला वेळ आणि जाणते हात लागतात. पूर्वी तंजावरच्या मराठी राज्यात बाळंतिणीला असा वेळ मिळण्याची सोय होती. तिथले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांची (धर्मशाळांची) माहिती आहे: तिथे प्रसूत झालेल्या वाटसरू स्त्रीचा बाळंतपणाचा खर्च व औषधे छत्राकडून मिळत आणि तिला तीन महिने राहता येई. सरफोजींच्या धन्वंतरी महाल या वैद्यकसंस्थेशी निगडित तमिळ वैद्यकग्रंथांत गर्भिणी व बालरोगांवरही भाग आहे. आज तंजावर शहरात प्रसूती व बालरोगांचे काम प्रामुख्याने राजा मिरासदार शासकीय रुग्णालयात चालते. ते तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे.

पुढल्या दातांत फट राहिली तरी ओठाची घडी कापण्याचा विचार सहसा कायमचे सुळे आल्यावरच करतात.