अक्षत ध्वनिप्रत आणि पाठचिकित्सा

सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आली. तीवर ध्वनी अंकरूपाने साठविलेला असतो: दर सेकंदास डाव्या व उजव्या मार्गाचे प्रत्येकी ४४,१०० नमुने, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. तिची संगणकीय प्रत करताना एमपी३ पद्धती कानास जाणवणार नाही असे मानलेला अंश गाळते. २००१ साली सिद्ध झालेली फ्लॅक पद्धती मात्र एकही बिट न गमावता आकार पुष्कळदा निम्म्याच्या आसपास आणते. अशा प्रतीस ‘अक्षत’ म्हणणे योग्य होय.

परंतु अक्षत प्रत म्हणजे मूळ गायन नव्हे. ओरखडलेल्या सीडीवरील न वाचता आलेली जागा यंत्र अदमासाने भरू शकते. फ्लॅक तो अदमासही इमानाने जपते. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्या सीडीवर आणताना खरखर काढली, तर तिच्यासवे ‘स’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांचे घर्षणही पुसट होऊ शकते. भाषाभ्यासकास नेमके तेच हवे असते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागील तत्त्व येथेही लागू पडते: प्रत कितीही शुद्ध असली, तरी ती आपल्या आदर्शप्रतीचीच साक्ष देते. म्हणून संग्राहकाने ध्वनीसोबत सीडीचा क्रमांक, प्रकाशनवर्ष, वेष्टनातील पुस्तिका व दोन वाचनांची तुलना यांची नोंद ठेवावी. तीवाचून अक्षत प्रतही निर्वंश पोथीच ठरेल.