सिरॅमिक रेसिडेन्सी म्हणजे काय? मातीचा कलाकार गावात राहायला आला, तर कुंभाराला काय मिळतं?

छत्रपती संभाजीनगर : संक्रांतीला सुगडं, अक्षय्य तृतीयेला करा-केळी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. आपला एकही मोठा सण कुंभाराशिवाय होत नाही. पण सण संपला की चाक थांबतं. उन्हाळ्यात माठ-रांजणाचे दोन-तीन महिने सोडले, तर घरच्या तरुण मुलाला वाळूजच्या कंपनीची शिफ्ट जास्त भरवशाची वाटते. दुसरीकडे शहरात हाताने घडवलेला एक साधा कप काहीशे रुपयांना विकला जातो. माती तीच, चाकही तेच, तरी मोलात एवढा फरक.

हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे ‘सिरॅमिक आर्टिस्ट रेसिडेन्सी’. शब्द मोठा आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. ती काय असते, कुठे चालली आणि आपल्या गावात आली तर काय विचारायचं, याची ही माहिती.

रेसिडेन्सी म्हणजे नेमकं काय?

मातीकाम करणारा कलाकार एखाद्या ठिकाणी काही आठवडे किंवा काही महिने मुक्कामाला येतो. तिथे त्याला राहायला खोली, काम करायला जागा, चाक, माती आणि भट्टी मिळते. दिवसाचा काही वेळ तो स्वतःचं काम करतो. उरलेल्या वेळात गावातल्यांना शिकवतो. त्यात शाळेतली मुलं असतात, बचत गटातल्या महिला असतात आणि स्थानिक कुंभारही असतात.

दोन दिवसांच्या कार्यशाळेत आणि यात मोठा फरक आहे. कार्यशाळेत फोटो निघतात, प्रमाणपत्र मिळतं आणि लोक घरी जातात. मातीचं काम दोन दिवसांत होतच नाही. भांडं घडवायचं, सावलीत सुकवायचं, भाजायचं, फुटलं तर का फुटलं ते शोधायचं आणि पुन्हा करायचं, याला किमान दोन-तीन आठवडे जातात. म्हणून मुक्काम लागतो.

काही ठिकाणी कलाकाराला मानधन मिळतं, काही ठिकाणी कलाकारच फी भरून येतो. गावाने आधी हेच विचारून घ्यावं, कारण पैसा कुठून येतो त्यावर पुढचं बरंच ठरतं.

आपली माती वेगळी, त्यांची माती वेगळी

शहरातल्या स्टुडिओत बहुतेक ‘स्टोनवेअर’ बनतं. त्यासाठीची पांढरी-करडी माती गुजरातच्या थानगढ, राजस्थानच्या बिकानेर अशा भागांतून येते. ती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या तापमानाला माती दगडासारखी घट्ट होते आणि पाणी झिरपत नाही. वरून काचेसारखा थर देतात, त्याला झिलई म्हणजेच ग्लेझ म्हणतात.

आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून नुसत्या काळ्या मातीचं भांडं सुकतानाच तडकतं. आपला कुंभार तळ्याचा, नदीचा गाळ निवडतो. त्यात राख, लीद किंवा भुसा मिसळतो. चुनखडीचे खडे चाळून काढतो, कारण चुन्याचा एक बारीक खडा राहिला तरी भाजल्यानंतर तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि चांगल्या माठाचा टवका उडवतो. हे कुंभार पुस्तकात वाचत नाही, आजोबांकडून शिकतो.

आव्यात तापमान साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातं. त्यामुळे भांड्याला बारीक छिद्रं राहतात, पाणी झिरपतं, बाहेर वाफ होऊन उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. बाराशे अंशांना भाजलेला झिलईचा माठ दिसायला देखणा असेल, पण पाणी गार करणार नाही. थोडक्यात, यातलं एक वरचं आणि एक खालचं असं काही नाही. कामं वेगळी आहेत.

बाहेरून आलेल्या कलाकाराने हे समजून घेतलं नाही तर उपक्रम फसतो. आपली माती थेट १२०० अंशांच्या भट्टीत घातली तर ती फुगते, वाकते, वितळूसुद्धा लागते. पण हाच गुण कामालाही येतो. जास्त आचेला वितळणाऱ्या मातीचा पातळ थर दुसऱ्या भांड्यावर देऊन तपकिरी-काळी झिलई मिळवण्याची पद्धत जगभरच्या कुंभारांना माहीत आहे. आपल्या शिवारातली माती यासाठी चालते का, हे छोट्या चकत्या भाजून तपासता येतं. चांगल्या रेसिडेन्सीचा पहिला आठवडा अशा चाचण्यांतच जातो.

मातीचा वारसा जुना आहे

गोदावरीपलीकडे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आणि संगमनेर तालुक्यात जोर्वे ही गावं आहेत. तिथल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुनी, लाल रंगावर काळी नक्षी काढलेली मातीची भांडी निघाली. त्या प्रकारच्या भांड्यांना आज ‘जोर्वे भांडी’ याच नावाने ओळखतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्या दोन साच्यांत दाबून घडवलेल्या आहेत. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र फार जणांना माहीत नसते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्याच सुमारास जे. जे. मध्ये झिलईची भांडी बनत होती आणि त्यांच्यावर अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी उतरली. त्यातली काही भांडी आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे नक्षी आपल्या सोयगाव तालुक्यातली, भट्टी आणि बाजार मुंबईचा. कलाकार गावात आला आणि गेला, तर मागे काय राहतं, हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे.

हे कुठे चाललं?

• भद्रावती (जि. चंद्रपूर) : गांधी विचारांचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात इथे ग्रामोदय संघाचं काम उभं केलं. गावच्या कुंभाराला सुधारित चाक, भट्टी आणि झिलईचं ज्ञान मिळावं, हा हेतू होता. महाराष्ट्रात कुंभारकामाचं नाव निघालं की भद्रावतीचं नाव येतंच.

• खानापूर (जि. बेळगाव) : खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्था या मराठी मुलखात आहे.

• अंद्रेट्टा (हिमाचल प्रदेश) : दिल्ली ब्ल्यू पॉटरीचे सरदार गुरचरण सिंग यांच्यामुळे कांगडा जिल्ह्यातलं हे खेडं मातीकामाचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. देशभरातले विद्यार्थी इथे तीन महिने राहून शिकतात. सिंग यांना १९९१ मध्ये पद्मश्री मिळाली.

• पुदुच्चेरी : रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. इथे शिकलेल्यांनी आसपास स्वतःचे स्टुडिओ काढले आणि तो सगळा भागच सिरॅमिकसाठी प्रसिद्ध झाला.

• हेलेना (अमेरिका) : आर्ची ब्रे नावाच्या वीटभट्टीच्या मालकाने १९५१ मध्ये आपल्या भट्टीच्या आवारातच कलाकारांना जागा दिली. आज ती जगातल्या नामवंत सिरॅमिक रेसिडेन्सींपैकी एक आहे. वीटभट्ट्या आपल्याकडेही कमी नाहीत.

• शिगाराकी (जपान) : शेकडो वर्षांची कुंभारकामाची परंपरा असलेलं गाव. १९९० मध्ये इथे सिरॅमिक पार्क झालं. बाहेरचे कलाकार तिथे राहून काम करतात आणि गावचे कुंभार आपापला धंदा चालू ठेवतात.

आणखी एक नाव लक्षात ठेवण्यासारखं. बिहारच्या परंपरागत कुंभार घरात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित मुंबईजवळ भाईंदरला स्थायिक झाले, स्टुडिओ पॉटरीत नावारूपाला आले आणि २०१३ मध्ये पद्मश्री झाले. स्टुडिओची कला कुंभाराच्या पोराला जमत नाही, असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण सांगा.

गावात उपक्रम येणार असेल तर हे आधी विचारा

१. कुंभाराला मानधन आहे का? कलाकार शिकवतो तसा कुंभारही शिकवतो. माती कुठली, कधी काढायची, चाकावर हात कसा धरायचा, हे ज्ञान फुकट देऊ नये. दोघेही शिक्षक, तर दोघांनाही मानधन.

२. भट्टी कोणाच्या जागेत आणि नंतर कोणाची? ग्रामपंचायतीची, शाळेची की संस्थेची, हे कागदावर घ्या. गॅस किंवा विजेचा खर्च मुक्काम संपल्यावर कोण करणार, तेही लिहून घ्या. परवडत नाही म्हणून कुलूप लागलेली भट्टी कुणाच्याच कामाची नाही.

३. माती किती बाहेरची, किती गावची? सगळी माती गुजरातहून आणायची असेल तर कलाकार गेल्यावर काम थांबणारच.

४. नाव कोणाचं? दोघांनी मिळून घडवलेल्या वस्तूवर, प्रदर्शनात, मोबाईलवरच्या फोटोखाली कुंभाराचं आणि गावाचं नाव यायला हवं.

५. विक्रीचा हिशेब कसा? किंमत कोण ठरवणार आणि वाटा किती, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

६. महिलांची नावं यादीत आहेत का? माती मळणं, रंगवणं, बाजारात बसणं, यात घरच्या बाईचा मोठा वाटा असतो. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र बऱ्याचदा फक्त पुरुषाचं नाव असतं.

७. वेळ कोणती? फेब्रुवारी ते मे हा माठाचा हंगाम आहे. तेव्हा कुंभाराला वर्गात बसवणं म्हणजे त्याची वर्षाची कमाई बुडवणं. पावसाळ्यात भांडी सुकत नाहीत. पोळा आणि दिवाळीचं काम आटोपलं की नोव्हेंबर-डिसेंबर बरा.

आरोग्याची काळजी

सुक्या मातीची आणि झिलईच्या पावडरीची धूळ बारीक असते. त्यातली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस हा आजार होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून कामाची जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. चाळताना मास्क लावा. शिसे म्हणजे लेड असलेली झिलई जेवणाच्या भांड्यांना आणि मुलांच्या वर्गात अजिबात नको. विकत आणलेल्या झिलईत शिसे नाही, हे लेखी मागा.

सरकारी योजनेची जोड

रेसिडेन्सीत शिकलेलं पुढे चालवायला अवजारं आणि भांडवल लागतं. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. योजनेतल्या मुख्य गोष्टी अशा :

• प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवस, रोज ५०० रुपये विद्यावेतन
• अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर
• तारण न देता आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के
• वय किमान १८, एका कुटुंबातून एकालाच लाभ, घरात सरकारी नोकरी नसावी

नोंदणी सामाईक सेवा केंद्रात, म्हणजे सीएससी सेंटरवर होते. पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवर असते. नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर आधार नंबर टाकू नका. अटींची ताजी माहिती केंद्रावरच विचारा. विजेवर चालणारं चाक आणि माती मळण्याचं यंत्र हवं असेल, तर खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमाबद्दलही विचारून घ्या.

यश मोजायचं कसं?

समारोपाचं प्रदर्शन छान झालं, पाहुणे आले, बातमी छापून आली, एवढ्यावर उपक्रम यशस्वी म्हणू नका. कलाकार निघून गेल्यावर सहा महिन्यांनी गावात जाऊन तीन गोष्टी बघा. भट्टी पेटते का? हंगाम नसतानाही चाक फिरतं का? आणि कुंभाराच्या फोनवर थेट गिऱ्हाइकाचा फोन येतो का?

गोरोबाकाकांनी थापटण्याने वाजवून कच्चं मडकं कोणतं आणि पक्कं कोणतं हे ओळखलं, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. असा उपक्रमही तसाच वाजवून घ्यावा. वरच्या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं तर तो पक्का. नाहीतर ती फक्त पाहुण्यांची सहल झाली असं समजा.